वाफेचा हत्ती आणि जबलपूरची तोफ

ज्यूल व्हर्नची एक कादंबरी औरंगाबादेत सुरू होते आणि जबलपूरच्या वाटेवर संपते. ६ मार्च १८६७ ची संध्याकाळ. औरंगाबादेत सरकारी जाहीरनामे डकवलेले आहेत. सत्तावनच्या उठावातला एक पुढारी मुंबई इलाख्यात शिरल्याची खबर आहे. त्याला जिवंत किंवा मेलेला हजर करणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम मिळेल. गर्दीतून एक फकीर पुढे होतो, जाहीरनाम्याचा नाव असलेला तुकडा फाडतो आणि दिसेनासा होतो. नाव असते धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब पेशवे यांचे, आणि फकिराच्या वेषात असतात ते खुद्द नानासाहेब. पुढचे एक प्रकरण वेरूळच्या लेण्यांत घडते.

‘ला मेझाँ आ व्हापर’ ही ती कादंबरी. १८८० साली ती दोन भागांत पुस्तकरूपाने आली. इंग्रजी वाचक तिला ‘स्टीम हाउस’ म्हणून ओळखतात. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती व्हर्न दिला, त्यामुळे चंद्रावरची स्वारी आणि समुद्राखालची सफर आपल्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. पण ज्या कादंबरीत मराठवाडा आहे, नर्मदा आहे, विंध्य आहे आणि पेशवा आहे, ती मात्र आपल्याकडे फारशी कुणी वाचलेली नसते. या कादंबरीवर त्या काळाचा चित्रपट करायचा तर काय करावे लागेल, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढच्या प्रकरणांत प्रसंगवार मांडणी येईलच. त्याआधी या कामामागची भूमिका वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

आधी कथानक थोडक्यात. बँक्स नावाच्या इंजिनिअरने पोलादाचा एक अजस्र हत्ती बनवला आहे. त्याच्या पोटात वाफेचे इंजिन, सोंडेतून धूर. मागे चाकांवरचे दोन बंगले जोडलेले. भूतानच्या राजाने हे यंत्र बनवून घेतले, पण ते वापरण्याआधीच तो वारला. या फिरत्या घरात बसून काही मंडळी मे १८६७ मध्ये कलकत्त्याहून निघतात. त्यांत कर्नल मन्रो आहे, त्याची बायको कानपूरच्या कत्तलीत गेली असे तो धरून चालला आहे. पन्नासावा वाघ मारायचा पण केलेला कॅप्टन हॉड आहे आणि ही सगळी हकीकत सांगणारा मोक्लेर नावाचा फ्रेंच गृहस्थ आहे. गया, काशी, अलाहाबाद, कानपूर करत ते हिमालयाच्या पायथ्याशी जातात आणि परतताना विंध्यात उतरतात. तिथे नानासाहेबांचे लोक मन्रोला पकडून रिपोरच्या किल्ल्यात नेतात. सकाळी त्याला तोफेच्या तोंडी द्यायचे ठरते. नर्मदेच्या खोऱ्यात हातात पलिता घेऊन भटकणारी एक वेडी बाई त्या रात्री तिथे येते, आणि ती मन्रोची बायकोच निघते. शेवटी नानासाहेबांना त्या पोलादी हत्तीच्या मानेला बांधले जाते आणि बॉयलर फुटून हत्तीच्या चिंधड्या उडतात.

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. लुई रुसलेचे १८७५ चे सचित्र प्रवासवर्णन आणि तशीच इतर पुस्तके समोर ठेवून त्याने हा देश उभा केला. तरीही त्याचा एक गुण मान्य करायला हवा. लंडनच्या लेखकांनी त्या काळात सत्तावनवर ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्यापेक्षा व्हर्नची नजर मोकळी आहे. कानपूरची कत्तल तो सांगतो, आणि त्याच प्रकरणात इंग्रजांनी उगवलेल्या सुडाचे हिशेबही मांडतो. माणसाला तोफेला बांधून उडवण्याची शिक्षा इंग्रज अमलात कुणी रुळवली, तेही तो विसरत नाही. १७६४ मध्ये बंडखोर शिपायांना अशी शिक्षा देणाऱ्या हेक्टर मन्रोचा वारसा त्याने आपल्या कर्नलला दिला आहे. रिपोरच्या किल्ल्यातली तोफ त्यामुळे केवळ थरारासाठी उरत नाही. शंभर वर्षांचा एक जुना हिशेब तिथे पुरा व्हायचा असतो.

फ्रेंच कादंबरी पडद्यावर आणण्याच्या दोन पद्धती आपल्या ओळखीच्या आहेत. पहिली, कथानक घ्यायचे आणि माणसे आपली करायची. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’वरून १९५० मध्ये तमिळमध्ये ‘एळै पडुम पाडु’ झाला आणि १९५५ मध्ये सोहराब मोदींनी हिंदीत ‘कुंदन’ केला. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’वरून केतन मेहतांनी १९९३ मध्ये ‘माया मेमसाब’ आणला. त्याचे संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि गीते गुलजारांची. आमच्या जबलपूरचे रघुवीर यादवही त्यात आहेत. या चित्रपटांत फ्रान्स उरला नाही आणि तो उरावा अशी अपेक्षाही नव्हती. भाकरी चोरणाऱ्याची शिक्षा किंवा संसारात जीव न रमणाऱ्या बाईची तगमग कुठल्याही देशात खरीच वाटते.

दुसरी पद्धत म्हणजे कादंबरीचा देश आणि काळ जसाच्या तसा उभा करायचा. व्हर्नच्याच ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’वर १९५६ मध्ये मायकल टॉडने काढलेल्या भव्य चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले. त्यात वेशभूषा, आगगाड्या, क्लबमधली टेबले सगळे १८७२ चे. पण बुंदेलखंडात सतीच्या चितेवरून वाचवलेली औदा ही पारशी तरुणी साकारली शर्ली मॅक्लेनने. समुद्राखालच्या सफरीतल्या कॅप्टन नेमोचेही असेच झाले. ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत व्हर्न सांगतो की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, सत्तावनच्या उठावात लढलेला. डिस्नेच्या १९५४ च्या चित्रपटात जेम्स मेसनने नेमो फार ताकदीने रंगवला, पण त्याचा बुंदेलखंड तिथे औषधालाही नाही. पुढे २००३ मध्ये नसीरुद्दीन शहांनी मात्र भारतीय नेमो पडद्यावर आणला. कोटाची बटणेसुद्धा त्या काळची हवीत असा आग्रह धरणारी माणसे ज्याच्या देशाची गोष्ट आहे त्यालाच गाळून टाकतात, हे या दुसऱ्या पद्धतीतले दुखणे आहे.

‘स्टीम हाउस’ या दोन्ही पद्धतींत बसत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर वेगळा विचार करावा लागतो. इथे लेखणी फ्रेंच आहे, पण भूमी आपली आहे, काळ आपला आहे आणि खलनायक म्हणून उभा केलेला माणूसही आपला आहे. कथानक इकडे आणायचा प्रश्न नाही, ते इथलेच आहे. फ्रेंच कादंबरीशी इमान राखायचे की त्या काळाशी, एवढाच प्रश्न उरतो. माझे उत्तर स्पष्ट आहे. कादंबरीचा सांगाडा, तिचा वेग, तिचे यंत्र आणि तिचा फ्रेंच निवेदक ठेवावा. पण जिथे कादंबरी आणि काळ यांचे जमत नाही, तिथे चित्रपटाने काळाच्या बाजूने उभे राहावे.

अशी दोन ठिकाणे फार मोठी आहेत. पहिले नानासाहेबांचे. कादंबरीतले नानासाहेब सुडाने पेटलेले, सतत वेष पालटणारे आणि शेवटपर्यंत एकाच रंगात रंगवलेले आहेत. खरे नानासाहेब जन्मले कर्जतजवळच्या वेणगावात, १८२४ मध्ये. दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना १८२७ मध्ये दत्तक घेतले. बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन कंपनीने बंद केले. नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्ला खानाला वकील म्हणून लंडनला धाडले, आणि नकार पदरात घेतला. तलवार हाती येण्याआधी कित्येक वर्षे हा माणूस कागदावर लढत होता. चित्रपटाला नानासाहेब माणूस म्हणून उभे करायचे असतील तर बिठूरच्या वाड्यात आलेला तो नकाराचा कागद पडद्यावर दिसला पाहिजे. त्याच प्रामाणिकपणाने कानपूरच्या कत्तलीची ठिकाणे, सतीचौरा घाट आणि बिबीघर, हीही दाखवावी लागतील. नानासाहेबांची जबाबदारी किती, यावर इतिहासकारांत वाद आहेत. ते वाद पात्रांच्या तोंडी यावेत, पण ती दोन ठिकाणे झाकून नानासाहेबांवर चित्रपट होणार नाही.

राणी लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर कादंबरी सरळ चुकते. व्हर्नने त्यांना नानासाहेबांची सखी केले आणि त्यांचा मृत्यू मन्रोच्या हातून घडवला, म्हणजे दोन पुरुषांच्या वैराला कारण मिळावे. बिठूरला वाढलेली मनू आणि नानासाहेब यांचे बालपणीचे नाते आपल्याला माहीत आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे राणी इंग्रज घोडदळाशी लढताना पडल्या. वैराचे कारण म्हणून त्यांना वापरण्याचा हक्क कुणालाच नाही. पटकथेतून हा धागा काढून टाकावा, असे माझे ठाम मत आहे. आणि तो काढल्यावर मन्रो आणि नानासाहेब यांच्यात वैर कशाचे, ते जबलपूरच सांगू शकते.

म्हणून दुसरे ठिकाण जबलपूरचे. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले वृद्ध राजे शंकरशहा इंग्रजांच्या पेन्शनीवर जबलपूरलगत पुरवा इथे राहत होते. सप्टेंबर १८५७ मध्ये छावणीतल्या ५२ व्या पलटणीशी त्यांचे संधान असल्याची कुणकुण इंग्रजांना लागली. १४ सप्टेंबरला त्यांना आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना पकडले. घराच्या झडतीत शत्रूचा संहार कर अशी देवीला केलेली विनवणी, पद्यात लिहिलेली, सापडली, आणि तीच पुरावा ठरली. चार दिवसांत, १८ सप्टेंबरला, बाप आणि लेक दोघांनाही तोफांच्या तोंडी बांधून उडवले. त्याच रात्री ५२ वी पलटण हत्यारांसह छावणी सोडून निघून गेली.

मी राहतो त्या सिव्हिल लाइन्समधून रेल्वे स्टेशनकडे निघाले की मालगोदाम चौकात या पितापुत्रांचे स्मारक लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालयही शहरात सुरू झाले. लांब व्हरांड्यांचे बंगले, रुंद रस्ते, मोठमोठी आवारे अशी ही सिव्हिल लाइन्सची वस्ती साहेबांच्या सोयीने वसली. नेटिवाने इथे यायचे ते अर्ज घेऊन किंवा कैदी म्हणून. आता व्हर्नची शेवटची प्रकरणे शंकरशहांच्या या हकिकतीशेजारी ठेवून वाचा. कादंबरीत शंकरशहांची तोफ नाही. तीच शिक्षा, त्याच परिसरात, दहा वर्षांनी एका इंग्रज कर्नलच्या वाट्याला येते आणि ऐन वेळी टळते. जी तोफ खरोखर उडाली ती कादंबरीने पाहिली नाही. जी उडाली नाही तिच्यासाठी तिने वाचकाचा श्वास रोखून धरला. चित्रपटाने दोन्ही तोफा दाखवाव्यात. मन्रोला किल्ल्यात बांधतात तेव्हा १८ सप्टेंबर १८५७ ची ती सकाळ प्रेक्षकाने आधी पाहिलेली असली पाहिजे. बांधणाऱ्यांत ५२ व्या पलटणीचा एखादा फरार शिपाई असावा. मग मन्रोबद्दल वाटणारी धास्ती आणि त्या शिपायाच्या डोळ्यांतली आग, दोन्ही एकाच वेळी खऱ्या वाटतील. मूळ कथेत नसलेला इतिहास आणण्याचा अधिकार दिग्दर्शकाला आहे का, असे कुणी विचारील. सत्यजित राय यांनी १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’त प्रेमचंदांच्या कथेला जनरल ऊट्रम आणि वाजिद अली शहांची बाजू जोडली. त्याने कथेला धक्का लागला नाही, उलट तिचा अर्थ वाढला.

काळाशी इमान म्हणजे केवळ मोठ्या घटना नव्हेत. पडद्यावर काळ दिसतो तो लहान वस्तूंतून, आणि चुकतोही तिथेच. १८६७ च्या जबलपुरात रुपयावर ‘क्वीन’ व्हिक्टोरिया आहे, ‘एम्प्रेस’ अजून झालेली नाही. ती पदवी १८७७ ची. इनामाची थैली जवळून दाखवायची असेल तर हा फरक पाळावाच लागेल. जबलपूर तेव्हा सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये आहे, हा प्रांत १८६१ मध्ये झाला आणि त्याची राजधानी नागपूर आहे. सागर-दमोहकडे तर मराठी घराणी पेशवाईपासूनची, आणि जबलपूरवरही १७८१ पासून सागरच्या मराठ्यांचा आणि पुढे १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तेव्हा बाजारात बुंदेली आणि हिंदी चालू असताना घरात मराठी आणि कागदावर मोडी असलेली माणसे या चित्रपटात दिसणे साहजिकच आहे. सगळ्यांच्या तोंडी एकच पुस्तकी हिंदी घातली की तो काळ मेलाच.

आगगाडीचा विचार तर अगदी बारकाईने व्हायला हवा. कादंबरीतला हत्ती ज्या वर्षी निघतो, त्याच १८६७ मध्ये अलाहाबादकडून जबलपूरपर्यंत लोहमार्ग आला. मुंबईकडचा मार्ग येऊन मिळाला मार्च १८७० मध्ये. म्हणजे वाफेवर चालणारे घर रस्त्याने विंध्य चढत होते तेव्हा शेजारीच स्लीपर टाकले जात होते, मुरूम भरला जात होता, मजूर दगड फोडत होते. फ्रेंच निवेदकाला त्या हत्तीचे कौतुक. रुळांवर राबणाऱ्या गोंड आणि कोल मजुराला त्याचे काय वाटले असेल? ‘ऐंशी दिवसांत’मध्येही व्हर्नने आपल्या सोयीसाठी याच मार्गात एक तुटलेला तुकडा ठेवला आणि फिलिअस फॉगला दोन हजार पौंडांना हत्ती विकत घ्यायला लावला. एका कादंबरीत हत्तीची किंमत दोन हजार पौंड आणि दुसरीत पेशव्याच्या डोक्याचीही तेवढीच. पटकथाकाराने हे आकडे नजरेआड करू नयेत. हिंदुस्थानातली माणसे आणि जनावरे एकाच वहीत नोंदवणाऱ्या काळाचे चित्र त्यांतून आपसूक उभे राहते.

या सगळ्यासाठी आपल्याजवळ एक मराठी आधार आहे आणि तो अनमोल आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळण्याच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि उठावात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. पुढे त्यांनी लिहून काढलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. पाणी कुठे मिळाले, रात्र कुठे काढली, दक्षिणा किती आली, लुटारूंनी काय नेले, हे त्यात एका गरीब ब्राह्मणाच्या नजरेतून आहे. मोक्लेर हत्तीमागच्या बंगल्यातून जो देश पाहतो, तोच गोडसे भटजी पायी तुडवतात. चित्रपटाला या दोन्ही नजरा लागतील. पटकथेत मोक्लेरच्या समोर असा एखादा पायी चालणारा मराठी वाटसरू उभा करावा, ही या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे.

पोलादी हत्ती कसा दाखवायचा याची काळजी मला तितकीशी नाही. त्यासाठी वाटा आहेत. चेक दिग्दर्शक कारेल झेमानने १९५८ मध्ये व्हर्नवरचा आपला चित्रपट जुन्या फ्रेंच आवृत्त्यांतल्या कोरीव चित्रांच्या शैलीत केला, आणि तो आजही ताजा वाटतो. ‘स्टीम हाउस’ला लेओं बेनेटची चित्रे आहेतच. व्हर्नच्या नांत गावात २००७ पासून बारा मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती माणसांना पाठीवर घेऊन फिरतो. भेडाघाटची बंदरकूदनी, तिथले संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा तर ‘जिस देश में गंगा बहती है’पासून कॅमेऱ्याच्या सवयीचे आहेत. यंत्र आणि निसर्ग मिळेल. कस लागेल तो माणसांच्या बाबतीत.

ऐतिहासिक चित्रपट ही मराठी माणसाची जुनी आवड आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून कोल्हापुरात ‘सिंहगड’ केला, तेव्हापासून कादंबरी आणि इतिहास यांची सांगड आपण पडद्यावर घालत आलो. पण आपली नजर बहुधा सह्याद्रीपलीकडे जात नाही. नर्मदेच्या उत्तरेला मराठ्यांचे जे जग होते, त्यातली माणसे, त्यांचे शेजारी गोंड आणि बुंदेले, त्यांचा सत्तावन, हे अजून आपल्या चित्रपटात यायचे आहे. एका फ्रेंच लेखकाने, इथे न येता, या जगावर दोन भागांची कादंबरी लिहिली. त्याने अर्धे पाहिले. उरलेले अर्धे आपण पाहिले पाहिजे.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. सागर, दमोह, जबलपूर, मंडला या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरी १८५० ते १८७० च्या दरम्यानची मोडी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, प्रवासाची टिपणे असतील तर ती रद्दीत घालू नका. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा, त्यांच्या नकला करून ठेवा आणि अभ्यासकांना पाहू द्या. १८६७ चे जबलपूर खरेपणाने उभे करायला व्हर्नची कादंबरी पुरणार नाही. ते तुमच्या कागदांतून उभे राहील.

सिव्हिल लाइन्स, जबलपूर